काचेच्या दर्शनी भागाचे कॅबिनेट: इचलकरंजीतल्या एका एडिटिंग दुकानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करणारे हे दुकान इचलकरंजीत तळमजल्यावर आहे. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा गाळा. माग चालू असले की सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, आणि दार कितीही घट्ट लावले तरी ते आत येतातच. पंखा आणि कूलर आहे, एसी नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीचे तापमान ३५-३६ अंशांवर असते.

मुख्य मशीन, म्हणजे एडिटिंगचा कॉम्प्युटर, असे: रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, त्यावर १५८ मिमी उंचीचा एका टॉवरचा एअर कूलर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क आणि ७५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). कॅबिनेट मिड-टॉवर, समोर आणि डाव्या बाजूला टफन काच, आत रंगीत दिव्यांचे पाच फॅन: तीन समोर, एक मागे, एक वर. हे पाचही फॅन कॅबिनेटसोबत आलेल्या हबवर (सगळ्या फॅनच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीवर) होते आणि हबला वीज थेट एसएमपीएसच्या मोलेक्स तारेतून मिळत होती. म्हणजे मदरबोर्डला त्यांचा वेग बदलता येत नव्हता. मशीन थंड असो वा गरम, ते साधारण १२०० आरपीएमवरच फिरायचे.

हे कॅबिनेट टेबलाच्या प्लायवूडच्या कप्प्यात ठेवलेले होते. कप्प्याची रुंदी २४ सेंमी, कॅबिनेटची २२. उजवी बाजू प्लायला टेकलेली, आणि मागच्या फळीला तारा काढण्यापुरतेच भोक.

अडचण

हिवाळ्यात मशीनबद्दल काहीच तक्रार नव्हती. ३८ मिनिटांची एक फिल्म नॉइज रिडक्शन लावून सुमारे २४ मिनिटांत बाहेर पडत असे. एप्रिलमध्ये तेवढ्याच कामाला ३३ मिनिटे लागू लागली. दुपारच्या सलग रेंडरमध्ये (तयार फिल्म बाहेर काढताना) दोनदा एडिटिंगचे सॉफ्टवेअर आपोआप बंद पडले. ग्राफिक्स कार्डाचे पंखे इतके आवाज करू लागले की शेजारच्या खुर्चीवर हेडफोनशिवाय ऑडिओ तपासणे अशक्य झाले.

ज्या दुकानातून मशीन घेतले होते तिथला सल्ला असा: थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांमधला उष्णता वाहणारा लेप) बदला, आणि जमल्यास २४० मिमीचा लिक्विड कूलर बसवा. पेस्ट बदलून झाली. फरक एका अंशाचा पडला. लिक्विड कूलरची ऑर्डर द्यायची की नाही, हा पहिला खरा निर्णय होता, आणि तो घेण्यापूर्वी मोजमाप करायचे ठरले.

तपासणी

एकच प्रोजेक्ट, तेच रेंडर, प्रत्येक वेळी ३० मिनिटे चालवून शेवटच्या १० मिनिटांची सरासरी, आणि सोबत खोलीच्या तापमानाची नोंद. आकडे एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉगमधून घेतले. चारही चाचण्या खोली ३६ अंशांवर असताना, एकाच दुपारी झाल्या.

१. कप्प्यात, आहे तसे: प्रोसेसर ९० अंश, ग्राफिक्स कार्ड ८३, हार्ड डिस्क ५५.
२. कप्प्याबाहेर, उघड्या टेबलावर: ८९, ८०, ५३.
३. कप्प्याबाहेर आणि समोरचे पॅनेल काढून: ८२, ७२, ४७.
४. वरीलप्रमाणेच, शिवाय बाजूची काचही काढून: ८०, ७०, ४७.

पहिल्या ओळीतले ९० आणि ८३ हे आकडे जपून वाचावे लागतात. ५८००एक्सची कमाल मर्यादाच ९० अंश आहे, आणि ३०७०चे तापमानाचे मूळ टार्गेट ८३. दोघेही त्या भिंतीला टेकून वेग कमी करत होते. प्रोसेसरचा सर्व कोअरचा वेग ४.५ गिगाहर्ट्झऐवजी ४.१च्या आसपास घुटमळत होता. म्हणून तापमान स्थिर दिसते यावर समाधान मानू नये. लॉगमधला त्याच वेळचा गिगाहर्ट्झचा आकडाही बघायचा असतो.

निदान झाले ते तिसऱ्या आणि चौथ्या ओळीमुळे. समोरचे पॅनेल निघाल्यावर कार्डाचे ८ अंश कमी झाले, त्यानंतर अख्खी बाजू उघडूनही फक्त २. याचा अर्थ कूलर, पेस्ट, कार्ड सगळे ठीक होते. हवा आत येण्याची वाट तेवढी बंद होती.

वाट किती बंद होती, तेही मोजून पाहिले. समोरची काच सपाट आणि अखंड. हवा यायची ती काच आणि चौकट यांच्यामधल्या दोन उभ्या फटींतून, प्रत्येकी ४०० मिमी लांब आणि ८ मिमी रुंद. दोन्ही मिळून ६४ चौरस सेंमी. त्यामागचे १२० मिमीचे तीन फॅन मात्र सुमारे ३४० चौरस सेंमीचे तोंड उघडून उभे. कप्प्यात उजवी फट प्लायने झाकली जात असल्याने उरत होते ३२.

या मशीनमधून रेंडरच्या वेळी साधारण ४१० वॉट उष्णता बाहेर पडते: प्रोसेसर १४२, कार्ड २२०, बाकी डिस्क, बोर्ड आणि एसएमपीएसची गळती. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर वॉटला १.७६ने गुणून १०ने भागायचे; उत्तर येते ७२ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). तेवढी हवा ६४ चौरस सेंमीतून ओढायला तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.३ मीटर हवा, आणि ३२ चौरस सेंमीतून १०.६ मीटर. दुसऱ्या बाबतीत नुसती हवा तेवढ्या वेगाला आणायलाच जवळपास ७ मिमी पाण्याइतका दाब लागतो. साध्या १२० मिमी फॅनचा जास्तीत जास्त दाब १ ते २ मिमीच्या घरात असतो. तीन फॅन शेजारी-शेजारी लावल्याने दाब वाढत नाही. फॅन बदलून हे गणित सुटणार नव्हते, हे कागदावरच कळले.

शेवटी उदबत्तीची चाचणी. पेटवलेली उदबत्ती फटीपासून दोन बोटे लांब धरून धूर कुठे जातो ते पाहायचे, फार तर अर्धा मिनिट, राख आत पडू न देता. डाव्या फटीशी धूर जेमतेम हलला. छतावरच्या फॅनजवळ मात्र गंमत दिसली: समोरच्या सर्वांत वरच्या फॅनने आत घेतलेली हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच हा छतावरचा फॅन ती बाहेर फेकत होता.

कॅबिनेटची बलस्थाने आणि उणिवा

कॅबिनेट टाकाऊ आहे, असे या टप्प्यावर म्हणणे सोपे होते. ते खरे नव्हते. सांगाडा ०.८ मिमी पत्र्याचा. स्वस्त कॅबिनेटमध्ये ०.५ मिमीचा पत्रा येतो, आणि त्यात ७२०० आरपीएमच्या दोन डिस्क लावल्या की १२० हर्ट्झची घूं सगळ्या डब्यातून ऐकू येते. इथे डिस्कच्या ट्रेला रबरी गादी होती आणि आवाज नव्हता. मदरबोर्डच्या मागे तारांसाठी २५ मिमी जागा, त्यामुळे २४ पिनची जाड तार असूनही मागचे दार न दाबता बंद व्हायचे. कार्डासाठी ३६० मिमी लांबी, कूलरसाठी १६५ मिमी उंची. पाय उंच, आणि एसएमपीएसखालचा फिल्टर मागून सरकवून काढता येणारा. स्टँडऑफचे (मदरबोर्ड टेकतो त्या खुंट्यांचे) आटे नीट, स्लॉटच्या पट्ट्या परत लावता येणाऱ्या. विकत घेताना कोणी पाहत नाही, पण पाच वर्षे वापरताना रोज उपयोगी पडते ते हेच.

उणिवा तीन, आणि तिन्ही समोरच्या बाजूला. अखंड काच. वेग न बदलणारे फॅन. आणि फिल्टर काचेच्या आतल्या बाजूला असल्याने तो काढायचा तर पूर्ण पुढचे पॅनेल क्लिपांतून ओढून काढावे लागते, तेही दिव्यांची तार जोडलेली असताना. साहजिकच दोन वर्षांत तो एकदाही निघाला नव्हता. काढला तेव्हा त्यावर सुताच्या तंतूंची अखंड गादी बसलेली होती, नखाने सोलून काढता येईल इतकी.

समोर असलेले पर्याय

लिक्विड कूलर. खर्च सात हजारांच्या आसपास. २४० मिमीचा रेडिएटर २७ मिमी जाड आणि फॅन २५, मिळून ५२ मिमी. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डच्या कडेपर्यंत जागा ४५. वर बसवला तर रॅम आणि व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज देणाऱ्या मदरबोर्डवरच्या भागाच्या) हीटसिंकला अडतो. समोर बसवला तर त्याच काचेमागे जातो आणि तिथून तापलेली हवा कार्डावर सोडतो. शिवाय २२० वॉटचे कार्ड हा मोठा वाटा आहे, त्याला काहीच मिळत नाही. हा पर्याय पहिल्यांदा बाद झाला.

नवे जाळीदार कॅबिनेट. साडेसहा हजार आणि अर्धा दिवस. हवेचा प्रश्न सुटतो. पण त्या भावात मिळणाऱ्या दोन्ही नमुन्यांत पत्रा पातळ होता, आणि एकात हार्ड डिस्कची जागा एकच. त्यातही महत्त्वाचे, उघडी जाळी या खोलीत आठवड्यात तंतूंनी भरणार. जाळी बाहेरून सहज निघते का, हे पाहिल्याशिवाय नुसते ‘एअरफ्लो कॅबिनेट’ या शब्दावर भरवसा ठेवण्यासारखी ही जागा नव्हती.

समोरचे पॅनेल कायमचे काढून ठेवणे. खर्च शून्य, ८ अंशांचा फायदा लगेच. पण फॅनची पाती उघडी, फिल्टर नाही, आणि मागाचे तंतू थेट कूलरच्या पात्यांत. तात्पुरते चालेल, महिनाभर नाही.

वीज मर्यादित करणे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरचा पीपीटी, म्हणजे विजेची कमाल मर्यादा, १४२वरून ८८ वॉट, आणि कार्ड ८५ टक्क्यांवर, म्हणजे १८७ वॉट. हे लगेच करता येते आणि कधीही मागे घेता येते.

समोरची काच काढून तिथे छिद्रांचा पत्रा बसवणे. कॅबिनेटची सगळी बलस्थाने राहतात आणि उणीव जिथे आहे तिथेच काम होते.

निर्णय

दोन टप्प्यांत काम ठरले, कारण लग्नाच्या ऑर्डरी हातात होत्या आणि मशीन दोन दिवस उघडे ठेवणे परवडणारे नव्हते. त्याच दिवशी मशीन कप्प्याबाहेर आले, छतावरचा फॅन काढला आणि वीज मर्यादा लावल्या. एवढ्यावर सॉफ्टवेअर बंद पडणे थांबले. ८८ वॉटवर रेंडरचा वेळ वाढेल अशी भीती होती; उलट तो ३३वरून २८ मिनिटांवर आला, कारण आधी प्रोसेसर ९० अंशांना आपटून त्याहून वाईट चालत होता.

दुसरा टप्पा म्हणजे पुढचे पॅनेल.

प्रत्यक्ष काम

टफन काचेला भोक पाडता येत नाही, कडा घासता येत नाही. प्रयत्न केला की ती एका क्षणात दाण्यादाण्यांत फुटते. तिची कड टाइल्सच्या फरशीवर टेकली तरी तेच होऊ शकते, विशेषतः कोपरा. म्हणून काच अखंडच काढायची. आधी तिच्या पूर्ण पृष्ठभागावर पॅकिंग टेप चिकटवली, खाली जाड सतरंजी अंथरली. काच चौकटीला दुहेरी टेपने चिकटलेली होती. हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करून, जुने प्लास्टिक कार्ड सरकवत ती सोडवली. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणे हा काच फोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

पत्र्याची निवड करताना फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन जाळ्या होत्या, दोन्ही ३ मिमी छिद्रांच्या. एकीत दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर ५ मिमी, दुसरीत ४. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण हिशेब मोठा आहे: आडव्या-तिरप्या ओळींत मांडलेल्या गोल छिद्रांत मोकळी जागा म्हणजे व्यास भागिले अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ०.९०७. पहिलीत ३३ टक्के, दुसरीत ५१. दुसरी घेतली. १ मिमी जाड, चौकटीच्या मापाने कापून काळे पावडर कोटिंग.

पत्रा चौकटीला एम३ स्क्रूने आवळला. पहिल्याच रेंडरला तो एका ठरावीक वेगावर गुणगुणू लागला. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये चारही कडांना ३ मिमी फोमची पट्टी लावल्यावर आवाज गेला. पत्रा मोठा आणि आधार फक्त कडांवर असला की हे होतेच. पट्टी आधीच लावून घ्यावी.

समोरचे तीन रंगीत फॅन काढून १८०० आरपीएमपर्यंत जाणारे, चार पिनांचे पीडब्ल्यूएम फॅन (मदरबोर्डला वेग बदलता येणारे) बसवले. तिघे एका स्प्लिटरवर, मदरबोर्डच्या एकाच हेडरला (फॅन जोडायच्या पिनांना). हेडरला साधारणपणे १ अँपिअरची मर्यादा असते; हे तिघे मिळून त्याच्या आत होते, पण दिव्यांचे फॅन लावताना बेरीज करून पाहावी. बायोसमधून फॅनचा वेग कार्डाच्या तापमानावर ठरवता येत नाही, म्हणून विंडोजमध्ये फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर टाकले आणि प्रोसेसर व कार्ड यांपैकी जे जास्त तापेल त्यावर वेग बांधला.

फिल्टर हा या कामाचा गाभा होता. बारीक नायलॉनच्या जाळीचे, चुंबकी कडेचे दोन फिल्टर घेतले आणि ते पत्र्याच्या बाहेरून लावले. लोखंडी पत्र्यावर चुंबक बसतो, अॅल्युमिनियमवर बसला नसता. पत्रा घेतानाच हे ध्यानात ठेवले होते. एक फिल्टर कॅबिनेटवर, दुसरा धुऊन वाळत.

एकूण खर्च सुमारे ३,४०० रुपये. त्यातला मोठा भाग फॅनचा.

मध्येच उद्भवलेली गोष्ट: अर्थिंग

पत्रा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या यूएसबीला कार्ड रीडर लावताना एडिटरच्या बोटांना झिणझिण्या आल्या. पत्र्याचे काही चुकले असा पहिला संशय. प्रत्यक्षात दोष जुनाच होता. इतके दिवस समोर काच आणि प्लास्टिक असल्याने उघड्या धातूला हातच लागत नव्हता.

एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटच्या धातूकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जोडलेले असेल तर त्यांतली किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर संपूर्ण धातूचा डबा २३०च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण उद्या आत खरेच एखादी तार उघडी पडली तर वाचवणारे काहीच नसते, आणि कार्ड रीडर किंवा बाहेरच्या डिस्क लावता-काढताना त्यांच्या पोर्टलाही धोका असतो. वायरमनने मीटर लावला तेव्हा कॅबिनेट आणि अर्थ यांमध्ये १०० व्होल्टच्या आसपास दिसले. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ होता; टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डात तिसऱ्या पिनेची तारच जोडलेली नव्हती. बोर्ड बदलल्यावर मीटर २ व्होल्टच्या खाली आला.

पत्र्याचे चार स्क्रू नुसत्या प्लास्टिकच्या चौकटीत होते. त्यांतल्या एकाखालून छोटी तार काढून ती सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या जागी आवळली, म्हणजे पत्राही अर्थला जोडला गेला.

निकाल

खोली ३५ अंशांवर, वीज मर्यादा काढून, तेच रेंडर: प्रोसेसर ८१, कार्ड ७१, हार्ड डिस्क ४६. खोली एका अंशाने थंड होती, हे लक्षात घेऊनच पहिल्या चाचणीशी तुलना करावी. खोलीपेक्षा जास्तीचे अंश मोजले तर कार्ड ४७वरून ३६वर आणि प्रोसेसर ५४वरून ४६वर आला. प्रोसेसरचा फायदा कमी दिसतो त्याचे कारण ५८००एक्समध्येच आहे: यांतले बहुतेक वॉट नखाएवढ्या एका चिपलेटमधून (सिलिकॉनच्या तुकड्यातून) बाहेर पडतात, आणि तिथे अडथळा हवेचा नसून धातूतून उष्णता वाहण्याचा असतो. रेंडरचा वेळ २५ मिनिटे. ग्राफिक्स कार्डाचे पंखे २६०० आरपीएमवरून १९००वर उतरले, त्यामुळे काच गेल्यावरही कामाच्या वेळचा एकूण आवाज कमी झाला. मशीन रिकामे असताना मात्र हार्ड डिस्कची खरखर आता थोडी ऐकू येते. काचेचा तेवढा फायदा खरोखर होता.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, हेही अंदाजाने ठरवले नाही. सात दिवसांनी कार्डाचे तापमान ४ अंशांनी वाढलेले होते, चौदा दिवसांनी ८. म्हणून आठवड्याला एक बदल. फिल्टर नळाखाली उलट्या बाजूने धुवायचा, म्हणजे तंतू आत न रुतता निघतात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही. ब्लोअरने आतली सफाई तीन महिन्यांनी; तेव्हा फॅनचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर ते जोरात फिरून बेअरिंग खराब होते.

वेगळे काय करता आले असते

पेस्ट बदलण्याआधी समोरचे पॅनेल काढून अर्धा तास रेंडर चालवले असते, तर पहिल्याच दिवशी दिशा कळली असती. ही चाचणी फुकट आहे आणि तिला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

विकत घेतानाची तपासणी त्याहून सोपी. शोरूममध्ये कॅबिनेटच्या समोर उभे राहून दोन गोष्टी विचाराव्यात: हवा नेमकी कुठून आत येते, आणि तिथला फिल्टर मशीन न हलवता, एका हाताने निघतो का. फटी असतील तर त्यांची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. तीनशे-चारशे वॉटच्या मशीनला ते फॅनच्या तोंडाच्या निम्म्याहून खूप कमी असेल, तर काच कितीही सुंदर असो, उन्हाळ्यात तिची किंमत चुकवावी लागते. त्याच कॅबिनेटमध्ये ६५ वॉटचा प्रोसेसर आणि वेगळे कार्ड नसलेले ऑफिसचे मशीन ठेवले असते, तर मात्र त्या फटी पुरेशा झाल्या असत्या आणि आत कमी धूळ गेली असती.

नव्या कॅबिनेटचा पर्याय या दुकानासाठी फार जवळून हुकला. बाजारात त्या आठवड्यात ०.८ मिमी पत्र्याचे, दोन डिस्कच्या जागेचे आणि बाहेरून निघणाऱ्या फिल्टरचे कॅबिनेट आठ हजारांच्या आत मिळाले असते, तर तेच घेणे योग्य ठरले असते; पत्रा कापण्याचे, फोम लावण्याचे आणि अर्थची तार ओढण्याचे काम वाचले असते. जवळपास चांगला फॅब्रिकेशनवाला नसलेल्या गावात तर हा घरगुती बदल सुचवू नये.

आणि टेबल. प्लायचा कप्पा बनवतानाच दोन्ही बाजूंना १० सेंमी मोकळी जागा ठेवून मागची फळी वगळली असती, तर फटी असूनही ३ अंश आधीच वाचले असते. दुकानाने नंतर मागची फळी काढून टाकली आणि कप्प्यात आता प्रिंटर ठेवला आहे.